जपानी सहकाऱ्यांना पहिल्यांदा भेटायला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही गुणवत्ता विभागात आहात. गेली तीन वर्षे दर बुधवारी दुपारी चार वाजता नागोयाजवळच्या मूळ कंपनीतील सहा-सात जणांशी तुमची ऑनलाइन बैठक होते आणि आता प्रथमच दोन आठवड्यांसाठी तिकडे जायचे आहे. साहेबांनी "नुसते काम करून येऊ नकोस, माणसे ओळखून ये, त्यांची संस्कृती बघून ये" असे सांगितले आहे. तुम्ही शाकाहारी आहात, अंडे चालते, मद्य घेत नाही. वाकून नमस्कार किती करायचा, व्हिजिटिंग कार्ड कसे द्यायचे, भेट काय न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी काय पाहायचे, हे तुम्ही विचारले आहे.

त्या सगळ्याकडे मी येतोच. पण तुमच्या प्रश्नात मध्येच एक वाक्य आहे, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे: "बैठकीत सगळे हो म्हणतात आणि पुढच्या बुधवारी काहीच हललेले नसते." माझ्या मते खरी अडचण तीच आहे आणि दोन आठवड्यांचा मोठा भाग तिच्यावर खर्च करणे योग्य ठरेल. मी २००३ पासून त्या भागात वीसेक वेळा जाऊन आलो आहे, आधी वेल्डिंगचा अभियंता म्हणून आणि नंतर दोन्ही बाजूंमधला समन्वयक म्हणून. या काळात शिष्टाचार चुकल्यामुळे कोणाचे काम अडलेले मी पाहिले नाही. परदेशी माणसाने कार्ड एका हाताने पुढे केले तर ते मनातल्या मनात हसतात आणि विसरून जातात. काम अडते ते त्यांच्याकडे निर्णय कसा आणि कुठे होतो, हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळे.

आधी एक कबुली देतो. पुढे जे सांगणार आहे ते नागोया ज्यात येते त्या आइची प्रांतातील कारखान्यांच्या अनुभवावर आधारलेले आहे. टोकियोतील विक्री कार्यालयात किंवा संगणकप्रणाली लिहिणाऱ्या तरुण कंपनीत यातील निम्मे लागू पडणार नाही. तुमच्या समोरच्या सहा-सात जणांमध्ये कोणी पंचविशीतला असेल तर तो तुमच्याशी ज्या मोकळेपणाने बोलेल, त्या मोकळेपणाने त्याचा विभागप्रमुख बोलेलच असे नाही. सर्वांत मोठा फरक पडतो तो त्यांच्यापैकी कोणी भारतात राहून गेला आहे का यावर. ज्याने राजस्थानातल्या नीमराण्याला किंवा चाकणलाच दोन-तीन वर्षे काढली आहेत, ज्याने आपल्या रस्त्यांवर गाडीत बसून कपाळाचा घाम पुसला आहे आणि "पाच मिनिटांत" या शब्दाचा अर्थ जाणला आहे, असा माणूस तिथे असेल तर तो कोण, हे निघण्यापूर्वी शोधून ठेवा. तुमचे अर्धे काम तो करील.

आता अडचणीकडे वळतो. माझ्या पहिल्याच दौऱ्यात मी एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगचा क्रम बदलण्याची सूचना घेऊन गेलो होतो. तो क्रम बदलला तर एक फिक्स्चर, म्हणजे वेल्डिंग करताना भाग पकडून ठेवणारा साचा, वाचत होते. मी बावीस स्लाइड दाखवल्या. समोरचे आठही जण प्रत्येक स्लाइडला मान हलवून "हाइ" म्हणत होते. शेवटी एक जण म्हणाला, "केन्तो शिमासु", म्हणजे "विचार करतो". कोपऱ्यात बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी दातांमधून हवा आत ओढली आणि ते गप्प राहिले. मी त्याच रात्री पुण्याला कळवले की मंजुरी मिळाली. परत आल्यावर नव्या फिक्स्चरची ऑर्डर गेली, पोलाद कापूनही झाले आणि सहा आठवड्यांनी तिकडून अतिशय नम्र भाषेत एक पत्र आले की, आपल्या सूचनेमागची पार्श्वभूमी आम्हाला समजून घ्यायला आवडेल. म्हणजे मंजुरी सोडाच, विचारालाही अजून सुरुवात झालेली नव्हती. ते कापलेले पोलाद पुढे दोन वर्षे आमच्या टूलरूमच्या मागे पडून होते आणि तिथून जाताना माझे साहेब ते मला न चुकता दाखवत असत.

"हाइ" या शब्दाचा अर्थ शब्दकोशात "हो" असला, तरी बैठकीत तो बहुतेक वेळा "ऐकतो आहे, पुढे बोला" एवढाच असतो. "विचार करतो" याचा अर्थ बऱ्याचदा नकाराकडे झुकलेला असतो, "मुझुकाशी देसु" म्हणजे "अवघड आहे" हा जवळजवळ नकारच असतो, आणि "सोरे वा चोत्तो..." म्हणजे "ते जरा..." असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले, तर तो पूर्ण नकार असतो. याचे आश्चर्य निदान आपण तरी करू नये. लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांना "बघू, कळवतो" म्हणणारी आणि उधार मागायला आलेल्याला "बघतो मी, जमलं तर" म्हणणारी माणसे आपणच आहोत. त्या "बघू"चा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. फक्त परदेशी भाषेत, इंग्रजीतून, पडद्यावर तोच शब्द आला की आपण त्याला होकार समजतो.

माझ्या त्या बावीस स्लाइडचे काय चुकले, हे कोपऱ्यातल्या त्याच गृहस्थांनी पुढच्या दौऱ्यात सांगितले. त्यांचा शब्द होता "नेमावाशी". हा मूळचा माळ्यांचा शब्द आहे. मोठे झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचे असेल तर ते एकदम उपटत नाहीत. बऱ्याच आधीपासून बुंध्याभोवती खणून मोठी मुळे थोडी थोडी छाटतात, आत बारीक मुळे फुटू देतात, आणि मगच झाड उचलतात. कारखान्यात याचा अर्थ असा की, बैठकीत मांडायची गोष्ट त्याआधी प्रत्येक संबंधिताला त्याच्या टेबलापाशी जाऊन, एकट्याने, सावकाश दाखवायची, त्याची शंका ऐकायची, कागदावर दुरुस्ती करायची आणि पुढच्याकडे जायचे. देखभाल विभागाचा, खरेदीचा, त्या लाइनवरचा गटप्रमुख, हे सगळे त्यात येतात. बैठक भरते तेव्हा निर्णय झालेला असतो आणि बैठकीत त्याच्यावर फक्त सर्वांसमक्ष शिक्का बसतो. मी थेट बैठकीत झाड उपटून आणले होते. माझ्या आठ श्रोत्यांपैकी एकालाही सर्वांदेखत माझ्या चुका काढायच्या नव्हत्या, म्हणून ते "हाइ" म्हणत राहिले.

तुमच्या बुधवारच्या बैठकीत नेमके हेच घडत असणार. त्यातून एक साधा हिशेब तुमच्या लक्षात आला आहे का, ते पाहा: आपले चार वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दिवसभर लाइनवर उभी राहिलेली माणसे जेवणाची वेळ टळत असताना, परक्या भाषेत, कॅमेरा बंद ठेवून तुमचे ऐकत आहेत. अशा वेळी कोणीही "हो" म्हणून मोकळा होईल.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिले तीन दिवस कोणतीही सूचना मांडू नका. तुमच्याकडे जे काही मांडण्यासारखे आहे ते ए-थ्री आकाराच्या एकाच कागदावर आणा: वर सद्यस्थिती, खाली कारण, बाजूला प्रस्ताव, एखादे हाताने काढलेले चित्र. स्लाइड त्या बिचाऱ्यांना पाहाव्या लागतात. कागदावर पेन्सिल चालवता येते. तो कागद घेऊन एकेकाकडे जा आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "हा आणखी कोणाला दाखवायला हवा?" मिळणारी नावे वहीत लिहा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत तुमच्या हातात त्या विभागाचा खरा नकाशा येईल. पदांच्या तक्त्याशी तो जुळेलच असे नाही. बहुधा जुळत नाहीच. माझ्या बाबतीत ज्या माणसाच्या होकारावाचून काहीही हलत नसे तो निवृत्तीनंतर पुन्हा कामावर घेतलेला, कोणतेही मोठे पद नसलेला एक मोजमाप-तज्ज्ञ होता, आणि तीन वर्षांच्या पत्रव्यवहारात त्याचे नाव मला एकदाही दिसले नव्हते.

दुसरे असे की, जितका वेळ मिळेल तितका बैठकीच्या खोलीबाहेर, "गेम्बा"वर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते त्या जागेवर घालवा. साहेबांनी जी संस्कृती बघून यायला सांगितली आहे ती तिथे आहे. अनेक कारखान्यांत सकाळ रेडिओच्या व्यायामाने सुरू होते. हा कार्यक्रम जपानी नभोवाणीवर १९२८ पासून आहे आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाने तो शाळेत असल्यापासून केलेला असतो. पियानोचा तो सूर वाजू लागला की संकोच न करता रांगेत उभे राहून हात-पाय हलवा. चुकलात तरी चालते. त्यानंतर पाच-दहा मिनिटांची सकाळची सभा होते. भाषा कळली नाही तरी कोण बोलतो, कोण टिपून घेतो, कालची चूक कशी सांगितली जाते, हे दिसतेच.

एक दृश्य मला अजून आठवते. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून मी खालच्या आवारात पाहत होतो. संध्याकाळ झाली होती, पाऊस पडत होता, आवारात चिटपाखरू नव्हते. एक म्हातारा कामगार डोक्यावर टोपी आणि हातात गेजची, म्हणजे मापाच्या साधनांची, पेटी घेऊन आला, पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रॉसिंगपाशी थांबला, उजवीकडे बोट दाखवून काहीतरी बोलला, मग डावीकडे, मग समोर, आणि नंतर रस्ता ओलांडून गेला. तो बोलला तो शब्द "योशी", म्हणजे "ठीक आहे". बोट दाखवून मोठ्याने म्हणायची ही पद्धत रेल्वेकडून आली आणि सगळ्या उद्योगांत पसरली. कोणी पाहत नसताना, फोर्कलिफ्टचा आवाजही नसताना, भर पावसात तो थांबला, हे पाहिल्यावर आमच्या तपासणी-तक्त्यांवर ते लोक इतके प्रश्न का विचारतात, ते मला कळले. आम्ही तक्त्यावर खूण करत होतो. खूण करण्यापूर्वी आमचा माणूस तिथे थांबला होता का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. तुम्हीही तिथल्या क्रॉसिंगवर थांबा आणि बोट दाखवा. पहिल्या दिवशी ओशाळल्यासारखे होईल, तिसऱ्या दिवशी सवय लागेल.

याच्याच जोडीला एक शब्द शिकून जा: "होरेन्सो". याचा अर्थ पालक, म्हणजे भाजीतला. पण कार्यालयात तो "होकोकु, रेन्राकु, सोदान" या तीन शब्दांचा संक्षेप आहे: अहवाल द्या, कळवत राहा, सल्ला घ्या. नव्या माणसाला हा पहिल्या आठवड्यात शिकवतात. आपल्याकडे काम पूर्ण झाल्यावर सांगण्याला कर्तबगारी समजतात आणि मध्येच विचारायला जाणे कमीपणाचे वाटते. तिकडे काम अर्धे झाल्यावर, विशेषतः बिघडू लागल्यावर, लगेच सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. उद्याच्या कागदाला उशीर होणार असेल तर आजच सांगा. दहा वाजताची बैठक म्हणजे नऊ पंचावन्नला खुर्चीत बसणे, हे वेगळे सांगायला नको.

इथवरचे तीन शब्दांत सांगायचे तर: "हाइ"ला होकार समजू नका, बैठकीआधी मुळांभोवती खणा, आणि पालक खा. आता तुमच्या मूळ प्रश्नांकडे येतो.

नमस्काराचे फार मनावर घेऊ नका. कमरेतून थोडे वाकणे पुरेसे आहे. फक्त हस्तांदोलन आणि वाकणे दोन्ही एकाच क्षणी करू नका, कारण डोक्यावर डोके आपटते आणि ते माझ्या बाबतीत झालेले आहे. कार्ड दोन्ही हातांनी, नाव त्यांना वाचता येईल असे धरून द्या, त्यांचे घेतल्यावर क्षणभर वाचा आणि बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर, माणसे बसली आहेत त्या क्रमाने मांडून ठेवा. नावे लक्षात ठेवायला त्यासारखा उपाय नाही. नावापुढे आदरार्थी "सान" लावा, पण स्वतःच्या नावापुढे कधीही लावू नका. खोलीत कुठे बसायचे ते दाखवेपर्यंत थांबा, कारण पाहुण्याची जागा दारापासून सर्वांत दूरची असते. काही ठिकाणी बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे नवे घ्या.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण मराठी शाकाहारी माणसाचा दौरा इथेच बिघडतो. अडचण मांसाची नसते, ते दिसते आणि टाळता येते. अडचण आहे "दाशी"ची. सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस आणि कोम्बु नावाचे समुद्री शेवाळ यांचे पाणी हा तिकडच्या बहुतेक स्वयंपाकाचा पाया आहे. मिसो सूप, नागोयाचे ते चपटे "किशिमेन" नूडल, वरकरणी साधी दिसणारी उकडलेली भाजी, टोफूवर ओतलेला रस, अंड्याची गोडसर गुंडाळी, या सगळ्यांत ती असू शकते. वाढणाऱ्या माणसाच्या मनात ती मासा म्हणून नोंदलेलीच नसते, जसे आपल्याकडे फोडणीतल्या हिंगाला कोणी पदार्थ म्हणून मोजत नाही. त्यामुळे "बेजितारिआन" एवढेच सांगितले तर तुमच्यासमोर मांसाचे तुकडे वगळलेला आणि माशाच्या रसात शिजवलेला पदार्थ अत्यंत प्रेमाने येईल. दाशी चालेल की नाही, ही रेषा तुम्ही घरून निघतानाच ठरवा. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी काहींनी तिकडे डोळेझाक केली, काही दोन आठवडे कटाक्षाने दूर राहिले. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहे. पण हा निर्णय वाडगा समोर आल्यावर घेऊ नये.

आणि जे ठरवाल ते निघण्याच्या निदान दहा दिवस आधी लेखी कळवा. आपल्याला वाटते की यजमानाला आपल्या खाण्यापिण्याचा त्रास नको, तिथे जाऊन काहीतरी जमवून घेऊ. तिकडे नेमका हाच त्रास असतो. त्यांनी तुमच्या स्वागताचे जेवण आधीच ठरवलेले असते, पदार्थांचा क्रम ठरलेला असतो, आणि ऐन वेळी तुम्ही समोरचे ताट बाजूला सारले तर ज्याने ते आरक्षण केले त्या तरुण कर्मचाऱ्याची सर्वांसमोर मान खाली जाते. "मी मांस, मासे आणि माशाची दाशी खात नाही, अंडी, दूध, भाज्या, टोफू, भात चालतो" असे स्पष्ट लिहिले की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ते बौद्ध मठांतील शाकाहारी जेवण म्हणजे "शोजिन र्‍योरी" मिळणारे ठिकाणसुद्धा शोधून काढतात, जिथे दाशी कोम्बु आणि मशरूमची असते. एकटे बाहेर पडाल तेव्हासाठी हे वाक्य पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन." तेच जपानी लिपीत लिहून खिशात ठेवा. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपने वेष्टनावरचे घटक वाचता येतात. त्या परिसरातल्या लहान गावांतसुद्धा बहुतेक करून नेपाळी लोकांनी चालवलेले एखादे भारतीय करीचे दुकान सापडते. सकाळचा प्रश्न तर नागोयाने तुमच्यासाठी आधीच सोडवून ठेवला आहे: तिथल्या कॉफीच्या दुकानांत सकाळी कॉफी मागवली की तेवढ्याच पैशांत टोस्ट आणि उकडलेले अंडे येते, आणि "ओगुरा टोस्ट" मागितला तर लोणी लावलेल्या पावावर आझुकी या लाल कडधान्याचे गोड सारण मिळते. पुरण पावाला लावून खाल्ले तर जसे लागेल तसे लागते. मला ते आवडते. माझ्या पत्नीच्या मते हा पुरणाचा अपमान आहे.

मद्याची काळजी करू नका. संध्याकाळच्या "नोमिकाइ"ला, म्हणजे एकत्र पिण्याच्या बैठकीला, जरूर जा आणि ऊरोन (ऊलाँग) चहाचा ग्लास हातात घेऊन सर्वांबरोबर "काम्पाइ" म्हणा. आइची हा मोटारींचा मुलूख आहे, पुष्कळजण स्वतःच्या गाडीने कामावर येतात, आणि दारू पिऊन गाडी चालवण्याबाबतचा कायदा २००७ पासून असा कडक आहे की चालवणाऱ्याबरोबर त्याला दारू देणाऱ्यालाही शिक्षा होते. त्यामुळे प्रत्येक टोळक्यात गाडी चालवणारा एखादा तरी न पिणारा असतोच आणि त्याच्या शेजारची खुर्ची तुमची. एक मात्र करा: शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला की तुम्ही भरा. स्वतःचा स्वतः भरायचा नाही, ही तिथली रीत आहे आणि पंगतीत वाढायची सवय असलेल्या माणसाला ती चटकन जमते. दिवसा जे बोलले जात नाही त्यातले बरेचसे इथे बोलले जाते. तुमच्या प्रस्तावात काय खटकते, तेही इथेच कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र "काल तुम्ही म्हणालात ना" असे सर्वांसमोर म्हणायचे नाही. ऐकलेले मनात ठेवून कागदात गुपचूप दुरुस्ती करायची.

भेट म्हणून महाग वस्तू नेऊ नका, परतफेडीचे ओझे होते. विभागात जितकी माणसे, त्यापेक्षा पाच-सहा अधिक अशा हिशेबाने, प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असलेला कोरडा खाऊ न्या. लोणावळ्याची चिक्की किंवा बाकरवडीची लहान पाकिटे उत्तम. सोबत घटकांची चिठ्ठी इंग्रजीत छापून न्या, कारण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारे असतात आणि आपल्या "कमी तिखट"ने त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. ताजी फळे सामानात घालू नका, विमानतळावर काढून घेतात. आणि येताना तिकडचा खाऊ आपल्या विभागासाठी आणायला विसरू नका, कारण दौऱ्यावरून रिकाम्या हाताने परतणे त्यांच्याही रीतीत बसत नाही.

भाषेबाबत, जायला महिना असेल तर रोज अर्धा तास काढून काताकाना ही लिपी शिका. तिची ४६ मूळ अक्षरे आहेत आणि तिचा क्रम अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. हा क्रम ओळखीचा वाटला तर तो योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी आपल्याकडच्या वर्णमालेचा अभ्यास केला, त्यातून तो तिकडे रुजला. परदेशी शब्द या लिपीत लिहितात, त्यामुळे कारखान्यातल्या निम्म्या पाट्या वाचता येऊ लागतात. जपून राहायचे ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपासून: "कुरेमु" हा "क्लेम"पासून आला असला तरी त्याचा अर्थ ग्राहकाची तक्रार असा आहे, पैशांची मागणी नव्हे. माझ्या एका सहकाऱ्याने तो शब्द असलेले पत्र थेट लेखा विभागाकडे पाठवले होते. व्याकरण मात्र मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा जवळचे आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामामागून, आदरार्थी रूपे वेगळी. "ताबेते मिरु" म्हणजे शब्दशः "खाऊन बघणे". आपण "करून बघतो" म्हणतो, तेही "यात्ते मिमासु" म्हणतात, आणि त्यातले "बघणे"सुद्धा तेच. हे मी एकदा जेवताना सांगितले, तर समोरच्या चौघांनी अर्धा तास माझ्याकडून "जाऊन बघ", "विचारून बघ", "चाखून बघ" वदवून घेतले. त्या संध्याकाळनंतर त्यांच्या पत्रांची सुरुवात औपचारिक राहिली नाही.

सुट्टीच्या चार दिवसांत क्योतो वगैरे एका दिवसात उरकण्यापेक्षा निदान एक दिवस नागोयातच ठेवा. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर तोयोता उद्योगसमूहाचे तंत्रज्ञानाचे संग्रहालय आहे. जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत ते १९९४ मध्ये सुरू झाले. अर्ध्या भागात मोटारी आहेत, पण तुम्ही आधी मागांच्या दालनात जा. या समूहाचा पाया घालणाऱ्या तोयोदा साकिची या सुताराच्या मुलाने १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग तिथे चालवून दाखवतात. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले होते. मी इचलकरंजीचा. आमच्या घरी सहा यंत्रमाग होते. बाणा, म्हणजे आडवा धागा, संपला की माग थांबवून धोट्यात नवी कांडी भरायची, आणि ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एखादी तार तुटली तर माग तसाच चालत राही आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत कापडात हातभर लांबीचा दोष पडलेला असे. तिथे मी पाहिले की माग धडधडत असतानाच धोटा आपोआप बदलला गेला. दाखवणाऱ्याने मुद्दाम एक तार तोडली आणि माग क्षणात थांबला. चूक दिसली की थांबायचे, हा त्या साऱ्या उद्योगाचा पाया आहे आणि तो मोटारींच्या आधी कापडावर घातला गेला. तुटलेली तार मी सवयीने एका हाताच्या चिमटीत धरून गाठ मारून दाखवली. माझ्याबरोबर आलेला सहकारी, ज्याच्याशी मी तोपर्यंत केवळ वेल्ड किती खोल गेला आहे याबद्दल बोललो होतो, म्हणाला की त्याची आजीही अशीच गाठ मारायची. तुमच्या घरी माग नसतील, पण एखाद्या सहकाऱ्याला सोबत येण्याविषयी विचारून बघा. तो आला तर रविवार त्याच्या बोलण्यात जाईल, आणि तेच तर हवे आहे.

त्याच शहरात नित्ताइजी नावाचे देऊळ आहे. भारतात पिप्रहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या बुद्धाच्या अस्थींचा अंश सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाने १९०० मध्ये जपानला दिला, त्यासाठी ते १९०४ मध्ये बांधले गेले. पर्यटक तिथे कमी असतात आणि बाग शांत आहे. तासभर पुरे.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रत्येकाला स्वतंत्र आभारपत्र लिहा आणि त्यात एकेक तरी नेमकी गोष्ट असू द्या: याने ताप आल्यावर औषध आणून दिले, त्याने गेज धरायचे शिकवले. मग बुधवारच्या बैठकीची वेळ बदलण्याचे बघा. आपल्या सकाळी दहाला त्यांचे दुपारचे दीड वाजलेले असतात आणि जेवणे उरकलेली असतात. एका पानाचा कागद सोमवारीच पाठवा, मंगळवारी त्या मोजमाप-तज्ज्ञासारख्या माणसाला वेगळा फोन करा, आणि बुधवारी कोणी दातांमधून हवा आत ओढली तर पुढची स्लाइड उघडू नका. तिथेच थांबून "काही अडचण आहे का" असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. ही शांतता दहा-पंधरा सेकंदांची असते. पडद्यासमोर ती फार लांब वाटते, पण मध्ये बोलू नका.